भिंतीवरची सही
पाटीवालीच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली की ती निघायची नाही, हे सगळ्यात आधी तिच्या बापाला कळलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ती लहानपणी त्याची शिडी धरायची, पुढे अक्षरं भरू लागली, आणि त्यावरूनच तिला पाटीवाली हे नाव पडलं.

सोळाव्या वर्षी तिची पाळी चार-चार महिने येईना. तोंडभर पुरळ, हनुवटीवर राठ केस. आई तिला चौकातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने सोनोग्राफी बघितली आणि मान वर न करता सांगितलं, "बीजांडकोशात गाठी आहेत. हिला मूल होणार नाही." तेच कागदावर लिहिलं, सही ठोकली, पुढच्या पेशंटला हाक मारली.

आईने हाय खाल्ली. अठरावं सरलं तशी तिने पोर घाईघाईने उजवली. नवरा बसचा ड्रायव्हर, बायको वारलेली, दोन मुलं पदरात. सासूने तो कागद मागून घेतला, दोनदा वाचून घेतला आणि खूश झाली. "बरंच झालं! स्वतःचं नसलं म्हणजे माझ्या नातवंडांत दुजाभाव करणार नाही."

वर्षभरात पाटीवालीला दिवस गेले. पाळी चुकण्याची सवयच असल्याने पाचव्या महिन्यापर्यंत तिलाही पत्ता नव्हता. सासूने कपाटातून कागद काढून मुलाच्या हातात दिला.

"डॉक्टर म्हणतो होणार नाही. मग हे कुणाचं?"

नवरा कागदाकडे बघत राहिला. बायकोकडे काही बघितलं नाही. संध्याकाळी तिची पिशवी उंबऱ्याबाहेर होती, कागद वर खोचलेला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचून कपाळाला हात लावला. "याला पीसीओएस म्हणतात गं. बीज दर महिन्याला सुटत नाही, कधी सुटेल त्याचा नेम नसतो. नेम नाही म्हणजे होणारच नाही, असं कुठंय? सोळाव्या वर्षीसुद्धा दिवस जाऊ शकतात. आणि मूल हवं असून राहिलं नाही, तर त्यावर औषधंही आहेत."

"हे त्याला ठाऊक नव्हतं?"

"असायला हवं होतं."

मुलगी झाली. थेट बापाचं तोंड, गालावरच्या खळीसकट. पाटीवालीने मुलीबरोबर रागही तीन वर्षं पोसला. मग एका सकाळी डॉक्टरच्या दारासमोरच्या शिंप्याची भिंत त्याला विचारून घेतली, मुलीला त्याच्या पायरीवर बसवलं, शिडी लावली, आणि दुपारपर्यंत कागदावरचं वाक्य हातभर उंच अक्षरांत उतरवलं. सहीसुद्धा, वळणन् वळण तशीच. खाली लाल रंगात: 'त्याच मुलीची ही मुलगी, वय तीन वर्षं.'

डॉक्टर रस्ता ओलांडून तणतणत आला. "खोड ते! पोलिसांत जाईन."

"जा की. कागद माझ्याकडे आहे. अक्षर तेवढं तुमच्यापेक्षा बरं काढलंय."

शिंपी फिसकन हसला. दवाखान्याच्या दारात बायका गोळा झाल्या. डॉक्टरने आवाज उतरवला. "काय हवंय तुला?"

"डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, ते तुमच्या बाकांवरच्या पोरींना सांगा. माझ्यादेखत."

त्याने सांगितलं, पुटपुटत. पाटीवाली दारातूनच म्हणाली, "मागच्या बाकाला ऐकू गेलं नाही." त्याला पुन्हा सांगावं लागलं. मागच्या बाकावरची शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईचा हात धरून रडायला लागली.

बाहेर येऊन डॉक्टरने विचारलं, "आता पुसतेस ना?"

"पुसायचं कबूल कुठं केलं होतं मी?"

आठवड्याने पाटीवाली मुलीला घेऊन शिंप्याकडे आली होती, तिथे नवरा आला. भिंत वाचली, मुलीच्या गालाकडे बघितलं आणि खाली मान घातली. "आईचं ऐकलं, चुकलो. घरी चला दोघी."

"माझ्या तोंडावर विश्वास नव्हता, कागदावर होता. मग आता भिंतीवर ठेव. वाचून झालं असेल तर नीघ."

त्याची बस त्या चौकातून दिवसाला आठ फेऱ्या करते. दुसरा मार्ग मिळावा म्हणून त्याने दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा नाकारला गेला. शिंप्याने ही बातमी सांगितली त्या दिवशी पाटीवाली पोटभर जेवली, आणि दुसऱ्या दिवशी अक्षरांवर ताजा हात मारून आली.