खुब्याचा जाहीर सत्कार

आमच्या शहरात रुग्ण बरा व्हायच्या आधीच त्याचा सत्कार होतो, हे मी स्वतः पाहिलंय. रुग्ण माझेच वडील होते, नाहीतर मी पोटभर हसले असते.

पप्पांच्या उजव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नव्हतं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: हाड आतून मरतंय, पण त्याचा गोळा अजून चपटा झालेला नाही. आत्ता छिद्र पाडून आतला दाब कमी केला तर सांधा वाचू शकेल. थांबलात तर तो बदलावाच लागेल. पप्पा म्हणाले, "विचार करतो." पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस असं म्हणाला की समजायचं, फाईल कपाटात गेली.

तेवढ्यात हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने त्यांना मोबाइलवर एक आमंत्रण पाठवलं. स्टेम सेलने हाड नवं करा, मोफत मार्गदर्शन, स्वारगेटजवळचा हॉल, चहा-उपमा. शहरात आयटी कंपन्या आल्या, मॉल आले. बाजार सगळ्यांना खुला केल्यावर चमत्कारानेच काय पाप केलं होतं?

हॉलमध्ये एक सूटवाले डॉक्टर पडद्यावर निळे-जांभळे गोळे नाचवत होते. "आरएनए म्हणजे पेशींना दिलेला निरोप. आम्ही निरोप धाडतो, स्टेम सेल हाड बांधतात. ना टाके, ना त्रास!"

पाणीकपातीपासून बसभाड्यापर्यंत सगळ्यावर पत्रकं लिहिलेली मी. उठलेच. "माणसांवर चाचणी झालीय का? गुण न आलेले किती?"

"ताई, प्रश्न शेवटी."

मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "अहो, बसा. आम्ही बरे व्हायला आलोय, मोर्चाला नाही."

प्रश्नांची वेळ आलीच नाही, थेट सत्कार आला. "नव्या उपचाराचं धाडसाने स्वागत करणारे आपले ज्येष्ठ!" असं म्हणून पप्पांना मंचावर नेलं. त्यांनी दारात फक्त नाव आणि दुखणं सांगितलं होतं. शाल, गुच्छ, फोटो, टाळ्या.

रिक्षात मी भडकले. "पप्पा, तुम्ही हो कधी म्हणालात?"

"म्हणालो नाही. पण चारचौघांत शाल घेतली ना. आता माघार बरी दिसत नाही."

"हाड तुमचं मरतंय आणि अब्रू त्यांची सांभाळताय?"

"झालं का तुझं पत्रक वाचून?"

घरी आल्यावरही मी ते वाचतच राहिले. शेवटी आई वैतागली. "अगं, घाबरलेत ते ऑपरेशनला. जगाचं दुःख कळतं तुला, घरातलं दिसत नाही?"

मग मी त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले आणि तोंड बंद ठेवलं. पप्पांनीच आरएनएचा विषय काढला.

"थाप नाहीये, काका," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळांमध्ये त्यावर खरंच काम चाललंय, आशाही आहे. पण तुमच्या खुब्यात ते चालेल का, मला माहीत नाही. आणि माझ्या ऑपरेशनने सांधा नक्की वाचेल, असंही मी सांगणार नाही."

मी मनात कपाळावर हात मारला. असं बोलून कोणी ऑपरेशनला तयार होतं का?

"दुखेल?" पप्पांनी विचारलं.

"दुखेल."

"बरं. करून टाका."

बाहेर आल्यावर मी विचारलं, एकदम कसे तयार झालात? पप्पा भिंतीला टेकले. "त्या हॉलमध्ये 'मला माहीत नाही' असं एकही जण म्हणाला नाही गं. तिथे जास्त भीती वाटली."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. नर्सने सोडवला तेव्हाच सुटला. सांधा आजवर तरी त्यांचा स्वतःचाच आहे. जिना चढताना कुरकुरतात, पण चढतात.