घंगाळातलं फूल

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या वनमालाकाकू फाळक्यांना गेल्या चैत्रापासून एक दुखणं जडलं होतं, आणि ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. ते समोरच्या गच्चीवर, निळ्या प्लॅस्टिकच्या टबात राहत होतं.

महिला मंडळाच्या चैत्रगौरीपुढे पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ ठेवतात. त्यात फुलं तरंगवायचा मान वर्षानुवर्षं काकूंच्या मोगऱ्याचा. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण काकूंची ओंजळ रिकामी झाल्याशिवाय पन्ह्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मग पुण्याची सीमंतिनी समोरच्या घरात सून म्हणून आली, आणि येताना तांबड्या कुमुदाचा कंद घेऊन आली. हे फूल दिवेलागणीला उमलतं. ऐन हळदीकुंकवात, बायकांच्या डोळ्यांदेखत ते पाकळ्या सोडू लागलं, मग मोगऱ्याकडे बघतो कोण? सगळ्या मोबाइल काढून घंगाळावर ओणवलेल्या, आणि काकू मागे पन्ह्याचे पेले विसळत बसलेल्या.

तेव्हापासून काकूंचे कपडे दिवसातून तीनदा वाळत पडू लागले. गच्चीतल्या दोरीपाशी उभं राहिलं की समोरचा टब नीट दिसतो ना.

"कळी आली वाटतं गं?"

"दोन आल्या, काकू!"

"छान हो." हे 'छान' चिंचेच्या कोळासारखं तोंडातून बाहेर यायचं.

यंदा फाल्गुनात काकू मुरारला नात्यातल्या बारशाला गेल्या होत्या. परतताना वाटेत एका डबक्यात जलकुंभी माजलेली दिसली, जांभळ्या तुऱ्यांची. ग्वाल्हेरात जन्म काढलेल्या बाईला तिचे गुण कुणी सांगायला नकोत. एक रोप सोडलं की बघता बघता सगळं पाणी झाकून टाकते, खालच्याला ना ऊन ना हवा. काकूंनी रिक्षा थांबवली, एक रोप पिशवीत घातलं आणि घरी न जाता थेट सीमंतिनीचं दार वाजवलं.

"घे. तुझ्या कुमुदाला सोबत. टबातच सोड, त्याच्या अगदी शेजारी."

"अय्या, काय गोड तुरा आहे! ह्याला काय म्हणतात?"

"जलकुंभी."

"केवढं मंगल नाव, काकू! कुंभच की!"

काकूंना ठसका लागला. पोरीला हिंदी भाजीबाजारापुरतीच येत होती, ही देवाची कृपा.

आता कपडे चौथ्यांदाही वाळत पडू लागले. टबातला हिरवा पाला नेमका कुणाचा ते एवढ्या लांबून कळेना, पण कुमुद काही गुदमरेना. उलट कळ्या वाढल्या.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी काकू मोगऱ्याची परडी घेऊन पोहोचल्या, तर घंगाळ आधीच भरलेलं. आणि त्यात कुमुद नव्हतंच! मधोमध जलकुंभी, वर जांभळा तुरा, खाली मुळांच्या काळ्या झिपऱ्या.

"यंदाचा मान वनमालाकाकूंच्या फुलाला," सीमंतिनी सगळ्यांना सांगत होती. "कुमुदाजवळ दाटी नको म्हणून मी वेगळ्या बादलीत जपलं. दर वेळी काय आपलंच मिरवायचं?"

मंडळाच्या थोरल्या विजयाबाईंनी चष्मा चढवला. "अगं, ये तो जलकुंभी है! तलाव खाते ती. गौरीपुढे कुणी ठेवली?"

"तलाव खाते म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पुण्याची जलपर्णी, बाई!"

सीमंतिनीच्या हातातली आंब्याच्या डाळीची वाटी तशीच राहिली. जलपर्णी तिनं पुलावरून, नाक दाबून पाहिली होती. तिकडे यंत्रं लावून नदीतून उपसतात ती. तिनं काकूंकडे वळून पाहिलं.

"टबातच सोड म्हणाला होतात. अगदी शेजारी."

काकूंनी सबब शोधली, पण तोंडातून भलतंच निसटलं. "मला वाटलं, तुझं फूल जरा कमी उमलेल."

विजयाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की गौरीचा झोपाळा हलला. "वनमाले, एकदाची खरं बोललीस! टाक बाहेर ती झिपरी. आणि सीमंतिनी, पळ, दिवे लागलेत, तुझं फूल आण."

कुमुद आलं, घंगाळात उमललं. मोगरा त्याच्या भोवतीनं तरंगला.

निघताना काकू चपला शोधता शोधता पुटपुटल्या, "एखादा कंद देशील का गं?"

"देते की. पण काकू, त्याला सोबत नका हं देऊ."

कंद काकूंना मानवला. पावसाळ्यात त्यांच्या टबात एकदम तीन कळ्या आल्या. त्या दिवसापासून समोरच्या दोरीवर सीमंतिनीचे कपडे तीनदा वाळत पडू लागले.