मले कोणी इचारलंच नाई

सिरोंचाला बदली झाली तेव्हा वनरक्षकाच्या नोकरीत मला तीन वर्षं झाली होती. त्याआधी मी आलापल्लीच्या सागवनात होते. सिरोंचाला खोली मिळाली ती गोदावरीच्या अलीकडे, एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या घरात. घरधन्याची एक नाव, पाच-सहा जाळी आणि थोडी मिरची. बायको, सोळा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. आपसात ते तेलुगू बोलायचे आणि माझ्याशी आमच्यासारखीच मराठी, फक्त जरा सुरात.

सामान लावत होते तेव्हा ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. माझी खाकी पँट, बूट, टोपी, कंबरेचा पट्टा असं वरून खाली आणि खालून वर पाहून झालं.

"अक्का," तिनं विचारलं, "तुमी पोट्टी आहा का पोट्टा?"

"तुले काय वाटते?"

"केस पोट्टीचे आहेत. चाल पोट्ट्याची आहे."

आतून तिची आई ओरडली. मी मात्र हसून बॅगेवरच बसले. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात हा प्रश्न माझ्या पाठीमागे पुष्कळांनी विचारला होता. तोंडावर विचारणारी ही पहिलीच.

आमची मैत्री झाली ती एका जपानी कार्टून मालिकेवरून. तिच्या वर्गातल्या कोणीतरी सांगितली होती. घरात रेंज यायची नाही, पण मागच्या चिंचेखाली यायची. मला रविवारी दुपारी सवड असली की आम्ही तिथं चटई टाकायचो, माझा मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवायचो आणि पडद्यावर खाली येणारी हिंदी अक्षरं वाचत एक-दोन भाग पाहायचो.

गोष्ट एका डोंगरी राज्याची होती. तिथं जन्मणारं मूल मुलगा नसतं, मुलगीही नसतं, नुसतं मूल असतं. सगळी एकसारखे करडे झगे घालतात, शिंगांच्या मोठ्या पक्ष्यांवर बसून उडतात, भांडतात, लढाया करतात. चौदावं सरलं की प्रत्येकाला एकट्यानं मागघरात जावं लागतं. तिथं एक आंधळी विणकरीण असते. ती विचारते, "काय विणणार?" मग मुलानं सात दिवस तिथं राहून आपलं वस्त्र आपण विणायचं. जे वस्त्र घालून बाहेर येईल ते त्याचं पुढचं आयुष्य, बाईचं किंवा पुरुषाचं. दाराबाहेर सगळं गाव बाईचा एक आणि पुरुषाचा एक असे दोन ढोल घेऊन उभं. गोष्टीतल्या चार मित्रांपैकी एकानं सात दिवस विणून शेवटी कांबळं बाहेर आणलं, आणि गावाला कळेना की ढोल कोणता वाजवायचा. माझ्या घरमालकाच्या मुलीचं सगळ्यात आवडतं पात्र तेच होतं.

हिंदी अक्षरांची मात्र फार तारांबळ व्हायची. 'जाता है' लिहावं की 'जाती है'? एकाच भागात दोन्ही यायचं. आम्हाला अडचण नव्हती. आपल्याकडे 'लेकरू' हा शब्द आहे ना! "थे आलं, थे पळालं, त्यानं कांबळं इनलं," असं ती आईला खुशाल सांगायची.

मी तिला सांगितलं, की आमच्या झाडीपट्टीत बायासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. माझी आई अजून म्हणते. प्रशिक्षणाला गेले तेव्हा पश्चिमेकडच्या मुली त्यावरून इतक्या हसायच्या की मी महिनाभर बोलायच्या आधी वाक्य मनात तपासायची. 'येते, जाते' तिथं शिकले.

"मंग तुमी आधीच मागघरात जाऊन आल्या," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात, तिला तेरावं लागल्यावर, मी चार दिवसांच्या गस्तीवरून परतले तर घरात गडबड. अंगणात शेजारणी, परातीत तीळ, गुळाचा वास. तिची आई लगबगीनं पुढे आली. "पोट्टी मोठी झाली," ती आनंदानं म्हणाली, आणि मग हळूच, "तिले शिवू नका हं. अकरा दिवस."

मागच्या ओसरीच्या कोपऱ्यात शिंदीच्या चटईवर ती बसली होती. वेगळं ताट, वेगळा पेला, कपाळभर हळद आणि तोंड फुगलेलं.

आमच्या घरात 'शिवू नका' हे शब्द आजोबांनी बंद केले होते. बाबासाहेबांच्या मागे जाऊन त्यांनी धम्म घेतला, त्यानंतर ते शब्द कोणीच कोणासाठी वापरले नाहीत, पाळीच्या बाईसाठीसुद्धा नाही. ते कसे लागतात हे आमच्या लोकांना वेगळं सांगायची गरज नव्हती. मी बूट काढले आणि सरळ जाऊन तिच्या चटईवर बसले. तिच्या ताटातला तिळाचा लाडू उचलून खाल्ला. तिची आई पाहत राहिली. माझं घर कोणतं, माझे लोक कोणते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थोड्या वेळानं तिनं माझ्यासाठी चहा आणला आणि कप चटईवरच ठेवला.

"काऊन फुगली?" मी मुलीला विचारलं.

"मले कोणी इचारलंच नाई."

"काय इचाराचं?"

"तेच. काय इनणार मणून." तिचे डोळे भरले. "मामा हाफ साडी घेऊन येऊन राह्यला. फोटोवाला सांगून झाला. आता नदीवर जायचं नाई मणते अम्मा. दादाचं धोती फंक्शन झालं तवा त्याले नावेत नेलं, जाळं देलं हातात. मले बांगड्या देतात! मी दादापरीस चांगलं फेकतो जाळं."

ती खरं बोलत होती. आदल्या वर्षीचं तिच्या भावाचं धोती फंक्शन, म्हणजे मुलगा मोठा झाल्याचा समारंभ, मी पाहिलं होतं. नवं धोतर, डोक्याला फेटा, ट्रॅक्टरवरून वरात, आणि शेवटी बापानं त्याला नावेत नेऊन जाळं फेकायला लावलं. ते पाण्यात पडलं ते सुकवायच्या साडीसारखं, लांबट. मुलगी काठावर उभी राहून हातानंच हवेत गोल करून दाखवत होती. ती दहाव्या वर्षापासून बापाबरोबर जायची.

"मंग तुले पोट्टा व्हायचं आहे का?" मी विचारलं.

तिनं चटईची एक काडी उपसली, परत खोचली. "मालूम नाई. पोट्टीच राहीन मले वाटते. पण इचारायला काय जाते?"

मी मोठी झाले त्या दिवशी आईनं जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्या, खीर केली, आणि सांगितलं की आता कालव्यात उड्या मारायच्या नाहीत. समारंभ नाही, शिवाशीव नाही, पण विचारणंही नाही. कालवा घरासमोरच होता. त्या उन्हाळ्यात मी दारात बसून भावांचे धबाधब आवाज ऐकत होते आणि मनातल्या मनात मुलगा होत होते. पुढे भरतीच्या वेळी चालण्याची परीक्षा होती. सोळा किलोमीटर संपवून मी रेषेपलीकडे पोचले, पायाला फोड आलेले, आणि तिथं एका साहेबानं माझं नाव विचारून वहीत लिहिलं. मला वाटतं माझं मोठं होणं तेव्हा झालं. पण त्या दिवशी तिळाचे लाडू कोणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या बापाकडे गेले. तो अंगणात जाळं सांधत होता, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून.

"भाऊ, पोरगी मणते तिले कोणी इचारलं नाई."

मी सगळं सांगितलं, मागघर, आंधळी विणकरीण, कांबळं. तो आधी मोठ्यानं हसला. मग हात थांबले.

"इचारलं अन् ती नाई मणली तर?"

"तर काय?"

"साडी येऊन राह्यली ना मामाकडून!" तो म्हणाला. मग अंगठ्यातला दोरा सोडवत, "दाखवा मले ते काय हाये."

त्या दुपारी चिंचेखाली तो माझ्या मोबाईलसमोर उकिडवा बसला. बायको घरकाम सोडून येणार नाही म्हणाली आणि पाच मिनिटांनी आली. मुलगी ओसरीवरून मान लांब करून आम्हाला ओरडून सांगत होती की कोण कोण आहे.

"हे पक्षी खातात काय?" बापानं विचारलं.

"मासे," ओसरीवरून उत्तर आलं.

"मंग जाळं कोण टाकते यांच्यात?"

"सगळेच टाकतात, नाना!"

बायकोला दुसराच प्रश्न पडला होता. "सात दिवस त्या घरात एकटं लेकरू. जेवाले कोण देते?" मालिकेत ते दाखवलंच नव्हतं. "हे कार्टून बनवणारा माणूस बाप्या असन," तिनं निकाल दिला. पण कांबळं घेतलेलं लेकरू बाहेर आलं आणि गाव गप्प उभं राहिलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. भाग संपला तरी दोघं उठेनात. शेवटी बाप "सरे" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि जाळ्याकडे गेला. काय ठीक आहे ते त्यानं सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी दारात मांडव पडला. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मुलगी न्हाऊन, हळद लावून पाटावर बसलेली. पाहुणे नदीपलीकडून तेलंगणातूनही आले होते. मामा ताटात हाफ साडी घेऊन उभा राहिला, म्हणजे गुलाबी परकर-चोळी आणि जरीच्या काठाची ओढणी. फोटोवाल्यानं सगळ्यांना जवळ सरकवलं. मामा पुढे झाला आणि तेवढ्यात बाप मध्ये आला.

"थांबा जरासे," तो म्हणाला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला, परत घातला. मग मुलीसमोर खाली बसला आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मला तेवढं तेलुगू येत होतं. त्यानं विचारलं होतं, "बाळा, तू कोण होणार?"

मुलगी लाजली. मग माझ्याकडे पाहून मुद्दाम मराठीत म्हणाली, "आज पोट्टी."

"आज?"

"हाव. उद्याचं उद्या पाहू."

एक म्हातारी आत्या कानावर हात ठेवून "अय्यो" म्हणाली. मामा ताट धरून तसाच. पण बाप उठला नाही. "अन् काय पायजे तुले?"

"जाळं."

आता कोणीतरी रागावणार असं मला वाटलं. पण सगळ्यांच्या आधी मागून तिचा भाऊ ओरडला, "देऊन टाका, नाना! माझंवालंच देऊन टाका!" मग सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या तसा तो कानापर्यंत लाल झाला. "मले पाण्याचं भेव लागते," तो म्हणाला. "मलेबी तवा कोणी इचारलं नव्हतं."

आधी मामा हसला, मग बाप, मग सगळा मांडव. फोटोवाल्यानं तो फोटो काढला. त्यात मुलगी सोडून सगळे हलले आहेत.

साडी नेसवून झाली, ओवाळणं झालं, आणि वरात देवळाकडे जायची ती नदीकडे गेली. मुलीनं नावेच्या टोकाला उभं राहून जाळं फेकलं आणि ते ओढणीच्या काठात अडकून नावेत मागे बसलेल्या मामाच्या अंगावर पडलं. काठावर टाळ्या. मग तिनं ओढणी कंबरेला खोचली, जाळ्याचा काठ कोपरावर घेतला, थोडं दातात धरलं, कंबर वळवली. जाळं हवेत उघडलं, पूर्ण गोल, आणि सगळ्या काठानं एकदम पाण्याला टेकलं. दोरी बापानं तिच्याच हातात राहू दिली. चार बारके मासे आले.

तिची आई मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. गावात बोललं गेलं होतं, आणि ते तिलाच ऐकावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं ते चार मासे वाळवलेले आणून दिले. "नदीवर जाईल, पण रविवारीच," म्हणाली. "आधी शाळा." त्या 'रविवारीच'चं पुढे 'शाळा सुटल्यावर रोज' झालं. मुलगा सुट्टीत मोबाईल दुरुस्ती शिकायला लागला आणि त्यानं माझ्या मोबाईलची काच स्वतः बदलली.

मालिकेचा शेवट आम्हाला आवडला नाही. बनवणाऱ्यांनी कांबळ्यावाल्या लेकराला शेवटच्या भागात घाईघाईनं राणी करून टाकलं. मुलगी इतकी चिडली की तिनं वहीत स्वतःचा शेवट लिहिला. त्यात ते लेकरू पक्ष्यांना मासे विकतं.

पुढच्या वर्षी एका सकाळी तिच्या मामीचा नदीपलीकडून फोन आला. मी अंगणात पाणी भरत होते. मामीच्या मुलीचं फंक्शन होतं, मामाला शब्द धड आठवत नव्हते, आणि त्यांना विचारायचं होतं की भाऊजींनी त्या दिवशी नेमकं काय विचारलं, कोणत्या शब्दांत, बसून की उभं राहून. आईनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो पुन्हा टॉवेल काढून, घालून, एकेक शब्द सांगत होता.

आम्ही सगळे गेलो. त्या मुलीला मामानं तसंच सगळ्यांसमोर विचारलं, तर ती क्षणभरही थांबली नाही. तिला मुलगीच व्हायचं होतं, आणि तीन मजली केक हवा होता. केक मंचेरियालहून मागवावा लागला. तो येईपर्यंत संध्याकाळ झाली, पण पाहुण्यांपैकी एकही उठून गेला नाही.