‘कशावरून?’ विचारणाऱ्या सुनंदाताई

प्रा. सुनंदा खारकर यांची आणि माझी पहिली भेट मला मुळीच सुखाची वाटली नव्हती. बडोद्याच्या ज्या महाविद्यालयात त्या मानसशास्त्र शिकवत, तिथे मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला मला चार शब्द बोलायला सांगितले. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, उरलेला तुम्ही जागा करा, असे मी मोठ्या आवेशाने सांगितले. टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर सुती साडीतल्या एक उंच बाई माझ्याजवळ आल्या.

“कुलकर्णी ना तुम्ही? छान बोलता. पण ते दहा टक्के कशावरून?”

“सगळेच म्हणतात,” मी म्हणालो.

“माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मेंदूतला एवढासा भाग गेला आणि त्यांचं बोलणं कायमचं गेलं. बिनवापराचा भाग इतका मोठा असता, तर निदान काही जणांचा झटका तिथे येऊन वाया गेला असता.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तरीही मला राग आला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ग्रंथालयातली दोन पुस्तके होती, वाचायच्या पानांत कागदाच्या खुणा घातलेल्या. मी ती वाचली आणि पुढच्या तासाला मुलांना सांगितले, की मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते. आमचा स्नेह तिथून सुरू झाला.

सुनंदाताईंचे अध्यापन, त्यांचे लेखन, पालकांसाठी त्यांनी घेतलेले वर्ग यांविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी अधिकाराने लिहितील. मी एकच प्रसंग सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात चूक माझी होती.

एका वर्षी आमच्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका आदल्या दिवशीच मुलांच्या मोबाईलवर फिरली. प्रश्नपत्रिका कार्यालयातल्या लोखंडी कपाटात असत आणि त्याची किल्ली रमणभाई सांभाळत. रमणभाई आमचे शिपाई, बावीस वर्षांच्या नोकरीचे. संशय त्यांच्यावर गेला. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तिच्यात ते स्वतः होते, मी होतो आणि सल्लागार म्हणून देहबोलीचे एक प्रशिक्षक होते. त्यांनी नुकतीच आम्हा अध्यापकांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. खोटे रचणाऱ्याची नजर वर आणि उजवीकडे जाते, हात नाकाकडे जातो, असे बरेच काही आम्ही त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतले होते.

कार्यालयातच रमणभाईंना आमच्यासमोर उभे केले. ते घामाघूम झाले होते. “साहेब, में कंई नथी कर्युं,” मी काही केलेले नाही, एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. प्राचार्यांनी विचारले, “किल्ली कुठे असते?” रमणभाईंची नजर झटकन वर, उजवीकडे गेली. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी कागदावर नजरेची दिशा टिपली. अर्ध्या तासात निष्कर्ष तयार झाला आणि त्याखाली मी सही केली. शनिवारपर्यंत राजीनामा द्या, असे रमणभाईंना सांगण्यात आले.

अध्यापक कक्षात मी ही हकिगत थोड्या फुशारकीनेच सुनंदाताईंना सांगितली. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“पुरावा काय?”

“नजर. घाम.”

“आणि त्यावर तुम्ही एका माणसाची नोकरी घेणार?”

त्या तशाच उठून प्राचार्यांकडे गेल्या. “बेन, तमे नकामी चिंता करो छो,” तुम्ही उगाच काळजी करता, असे प्राचार्य हसून म्हणाले. सुनंदाताई हसल्या नाहीत. “साहेब, ही विद्या खरी असेल तर ती तपासून पाहायला हरकत नाही. ती खरी ठरली, तर मी रमणभाईंबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण तपासल्याशिवाय राजीनामा घेतलात, तर मी प्रत्येक दारात जाऊन हे सांगेन.” त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती. प्राचार्यांशी वैर परवडण्यासारखे नव्हते. पण प्राचार्यांनी होकार देईपर्यंत सुनंदाताई दारातून हलल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी दहा अध्यापक जमले. प्रत्येकाने आदल्या संध्याकाळी आपण काय केले ते सांगायचे, काहींनी खरे, काहींनी खोटे. कोण खरे आणि कोण खोटे सांगणार हे सुनंदाताईंनी आधीच लिहून पाकिटात बंद केले होते. प्रशिक्षक आत्मविश्वासाने तयार झाले. ते आपला अंदाज लिहीत होते, मीही लिहीत होतो आणि सुनंदाताई प्रत्येक उत्तरानंतर एक नाणे उडवून छापा आला तर खरे, काटा आला तर खोटे असे लिहीत होत्या.

पाकीट उघडले. प्रशिक्षकांचे चार अंदाज बरोबर आले, माझे तीन. नाण्याचे पाच. ज्या बाईंना मी बेधडक खोटे ठरवले होते, त्या खरोखरच शहरातल्या समा भागात भावाकडे गेल्या होत्या.

सगळे हसू लागले. सुनंदाताईंनी हात वर केला. “हसू नका. दहा जणांवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही. पण एखाद्याला दोषी ठरवण्याइतकं हे भरवशाचं आहे, असं तर अजिबात दिसत नाही.”

प्रशिक्षक म्हणाले, “मॅडम, हा खेळ होता. इथे कुणी घाबरलेलं नव्हतं.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मग खरं बोलणारा घाबरलेला माणूस कसा दिसतो, हे तुम्ही कधी तपासलंत?”

मग सुनंदाताई आम्हाला कार्यालयात घेऊन गेल्या. आम्हाला त्या दिवशीच्याच खुर्च्यांवर बसवले आणि स्वतः रमणभाईंच्या जागी उभ्या राहिल्या. “तोच प्रश्न विचारा,” त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी विचारले, “किल्ली कुठे असते?” सुनंदाताईंची नजर वर, उजवीकडे गेली.

“कुलकर्णी, मागे वळून बघा.”

मी वळलो. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याला कपाटाची किल्ली लटकत होती. कार्यालयात येणाऱ्या कुणालाही सहज काढता येईल अशी. रमणभाई किल्लीकडे बघत होते. आता मला आठवले, “त्यां ज, साहेब,” तिथेच आहे, असे उत्तरही त्यांनी दिले होते. ते मी लिहिलेच नव्हते. मी नजर टिपण्यात गुंतलो होतो.

निष्कर्ष रद्द झाला. नवा अहवाल मी लिहिला. प्रश्नपत्रिका कुणी फोडली ते कधीच कळले नाही. रमणभाईंनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. मी सुनंदाताईंना म्हणालो, त्यांची माफी मागायला आपण दोघे जाऊ. “मी येणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुमचं काम आहे.” मी एकटा निजामपुऱ्यात रमणभाईंच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. मग हळूच म्हणाले, इतकी वर्षे रोज समोर होतो साहेब, एकदा मला बाजूला घेऊन विचारायचं होतं. त्यानंतर कुणाही साहेबाशी बोलताना ते डोळ्यांना डोळे भिडवून, पापणी न हलवता उभे राहत. ते पाहिले की माझीच मान खाली जाई.

इतरांना लावायची कसोटी सुनंदाताईंनी स्वतःला आधी लावली. काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवावे, असे त्या भावी शिक्षकांना अनेक वर्षे शिकवत आल्या होत्या. या म्हणण्याला पुरेसा आधार नाही असे वाचनात आल्यावर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते आणि फोन नंबर शोधले आणि एकेकाला कळवले: मी हे ठामपणे शिकवले, ते चुकले. शहरातल्या एका शाळेत त्यांच्या विद्यार्थिनीने मुलांच्या बाकांवर ‘डोळे’ आणि ‘कान’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सुनंदाताई तिथे गेल्या आणि तिच्याबरोबर बसून ओल्या फडक्याने त्या सगळ्या काढल्या. “ताई, लोक काय म्हणतील?” तिने विचारले. “म्हणतील, बाई शिकत्या आहेत,” त्या म्हणाल्या.

आता थोडे घरचे. माझी पत्नी गेली तेव्हा मला रडू आले नाही. परगावी असलेल्या मुलाने कुठेतरी वाचले होते, की दुःखाचे ठरावीक टप्पे असतात आणि बाबा पहिल्याच टप्प्यात अडकले आहेत. तो धास्तावला. मीही स्वतःला तपासू लागलो, की माझे प्रेमच कमी होते का? सुनंदाताईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “दुःखाचं वेळापत्रक नसतं, कुलकर्णी. रडू आलं तर रडा, नाही आलं तर नका रडू. गुरुवारी मी येते.” त्या वर्षभर दर गुरुवारी आल्या. चहा करायला मला लावत. कधी बोलत, कधी नुसत्या बसून राहत. सातव्या की आठव्या गुरुवारी साखरेचा डबा सापडेना आणि मी ओट्यापाशी उभा राहून रडलो. त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. बाहेर बसून राहिल्या. मी तोंड धुऊन आल्यावर म्हणाल्या, “बिनसाखरेचा चालेल मला.”

आज पंचाहत्तरीतही त्यांना उसंत नाही. मुलांच्या बोटांच्या ठशांवरून गणित जमेल की नाही ते सांगणारे लोक शाळाशाळांतून फिरत आहेत. एका मुलीला असा कागद दाखवून विज्ञानाकडे जाऊ नको असे सांगितले गेले. तिच्या आईवडिलांना घेऊन सुनंदाताई परवाच मुख्याध्यापकांना भेटून आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. विज्ञान शाखेसाठी मुलीने केलेल्या अर्जाचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा जाणार आहेत.

सुनंदाताई, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो आणि ते निरोगी असो, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. यात आमचा स्वार्थही आहे. कुणाच्या तरी चेहऱ्याकडे, बोटांकडे पाहून त्याचे भविष्य ठरवणारी ठाम माणसे उद्याही असतील, आणि त्यांत कधी मीही असेन. तेव्हा आपण दारात उभ्या असायला हव्यात.