माशांना गुळाचा पाक

गूळ उकळल्याचा वास आला की मला सत्तरच्या दशकातली आमची सेवाग्रामजवळची मधपेटी आठवते. बायकोनं ती लेकरासारखी सांभाळली होती. भर पावसाळ्यात फुलं संपली, माशा उपाशी. तिनं रेशनची साखर पुढे केली. "अवो, याचा पाक द्या त्याईले."

पण मी पडलो तत्त्वाचा पुतळा! पांढरी साखर म्हणजे विष, असं भाषण ठोकून गुळाचा पाक ठेवला. माशांना हगवण लागली, पेटी डागाळली आणि आठवडाभरात सगळ्या मेल्या.

मेलेल्या माशा सुपात भरताना ती म्हणाली, "साखर तुमी सोडली होती, त्याईनं नाई."

त्यावर मी गुळातल्या भेसळीवर बोलायला लागलो. तिनं पुन्हा कधीच पेटी मांडली नाही.