सड्यावरच्या पाटल्या

आमच्या आईच्या पाटल्यांवर पुण्याची एक पार्टी स्विमिंग पूल बांधायला निघाली होती. हे वाचून कोणाला माझं डोकं फिरलंय असं वाटलं तर खुशाल वाटू दे, फिरलेलंच आहे. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझी खानावळ आहे. त्या आठवड्यात मी इतकी तापले होते की भाकरी तव्यावर पडायच्या आधी माझ्या हातावरच फुगत होत्या. गिऱ्हाइकं खाली मान घालून जेवायची आणि आमटीत मीठ कमी असलं तरी मागायची कोणाची छाती नव्हती.

तर पाटल्या. आईला माहेरून आलेल्या, चार, भरीव. आई विहिरीवर पोहरा ओढायला लागली की त्यांचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा आणि तिथल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे रागाने बघायच्या. वर्षभर त्या आईच्या हातात, आणि गौरी आल्या की गौरीच्या हातात. आमच्याकडे रीतच तशी. घरातल्या बाईचं सोनं गौरीला चढवायचं, गौर बोळवताना उतरवून घ्यायचं आणि जिचं तिने पुन्हा अंगावर घालायचं. माझा तर लहानपणी असा समज होता की गौर आमच्याकडे येते ती पाटल्या घालायला मिळतात म्हणूनच.

बाबा कचेरीत कारकून. त्या वर्षी त्यांच्या कचेरीत सड्याची साथ आली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. पावसाळ्यात त्यावर वीतभर गवत आणि एरवी नुसता तापलेला तवा. दुपारी तिथे कावळा बसला तर पायाखाली फडकं घेऊन बसेल. पण कोणीतरी सांगितलं की रेल्वेचं स्टेशन सड्यावर येणार, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळे कातळ विकत घ्यायला धावले. बाबांनाही ताप चढला. जेवताना, अंघोळीला जाताना, देवाला फूल वाहताना एकच पालुपद. सोनं काय, हातात पडून राहतं. जमीन वाढते.

मी शाळेत होते, मला ते खरंच वाटलं. पुढे जमीन घेतल्यावर दर रविवारी मी सड्यावर जाऊन वाढली का ते बघून यायची. वाढायची कुठली, उलट कमीच व्हायची. आमच्याकडे दगडाच्या कुंपणाला गडगा म्हणतात, आणि कोकणातले गडगे चालतात. पावसाळ्यात गवतातून चालले की कोणाला दिसत नाहीत. शेजाऱ्याचा गडगा तर असा चालायचा की त्याला मुंबईला जायची घाई असावी.

पण पाटल्या गेल्या कशा ते सांगते, कारण माझा सगळा राग तिथून सुरू होतो. गौर बोळवायच्या दिवशी आई तिचे दागिने उतरवत होती. बाबा शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. म्हणाले, देवीच्या हातून उतरतायत, याहून चांगला मुहूर्त कुठला. घरात पाहुणे, दारात ढोल, गणपती निघायची घाई. आईने एकदा गौरीच्या मुखवट्याकडे बघितलं आणि चारही पाटल्या बाबांच्या ओंजळीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या डबा भरावा तशा बाबांच्या डब्यातून गेल्या. सोनाराने मुशीत टाकून त्यांचा गोळा केला, वर घट म्हणून आपला वाटा कापला, आणि त्या गोळ्याचा झाला सडा. सातबाऱ्यावर नाव कोणाचं? बाबांचं. आईचं का नाही, असं आजीने विचारलं तर बाबा म्हणाले, तिला कुठे तलाठ्याकडे खेपा घालायला लावू.

बघा कसं बेमालूम काम. सोनं बाईचं होतं. त्याची जमीन झाली तेव्हा ती पुरुषाची झाली. मधे कोणी चोरी केली नाही, कोणी हिसकावलं नाही, एक ओंजळ तेवढी पुढे आली. दरोडेखोरांनी आमच्या बाबांकडे शिकायला यावं.

पुढच्या वर्षी गौर मुलाम्याच्या बांगड्या घालून उभी राहिली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी गौरीचे हात बघितले, मग आईचे, मग सगळ्याजणी एकदम लाडवाचं कौतुक करायला लागल्या. तेव्हापासून घरात त्या जमिनीचं नावच ‘पाटल्या’ पडलं. संध्याकाळी आई चपला घालायची आणि म्हणायची, चल गो, पाटल्या बघून येऊ. तिथे जाऊन ती कातळावर बसायची आणि हाताने कातळ चाचपायची. मी हसायची. आई हसायची नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रेल्वे आली. सड्यावर नाही, भलतीकडूनच गेली. वारं बरं असलं की शिट्टी तेवढी ऐकू यायची. बाबा म्हणाले, आवाज तरी येतोय. पुढे बंदर येणार, कारखाना येणार, विमानही येणार होतं. एवढं सगळं सड्यावर उतरलं असतं तर सडा वजनाने खचून पूर्णगडच्या खाडीत गेला असता. आलं काहीच नाही. पण दर गौरीला बाबा आईला सांगायचे, भाव आला की पहिल्या तुझ्या पाटल्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाले, तुझं सोनं सड्यावर आहे. मी मंगळसूत्राच्या दोन वाट्या घालून सासरी गेले. सासूबाईंनी विचारलं, माहेरचं काही? मी सांगितलं, आहे ना, बघायला टेकडी चढावी लागते. वर्षभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

मग बाबा आजारी पडले. औषधपाण्यासाठी सडा विकायला काढला, तर घेणार कोण? वर जायला रस्ता नाही, पाणी नाही. पाटल्या असत्या तर आईने एक उतरवली असती, तीन राहिल्या असत्या. सड्याचा कोपरा मोडून सोनाराच्या तराजूत टाकता येत नाही. जमीन वाढते म्हणणारे शहाणे ही एवढीशी गोष्ट सांगायला विसरतात. बाबा गेले. सातबाऱ्यावर आईचं, माझ्या दादाचं आणि माझं अशी तीन नावं चढली आणि सडा पुन्हा उन्हात पडून राहिला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, भाव आला. समोर समुद्र दिसतो एवढ्या भांडवलावर आला. ज्या समुद्राकडे आमच्या सात पिढ्यांनी मासळी सोडून कशासाठी बघितलं नव्हतं, तो बघायला पुण्यामुंबईची माणसं रांग लावून यायला लागली. खालून डांबरी रस्ता झाला, आणि ठाण्याहून दादाचा फोन. दादाच्या आवाजात इतकी साखर होती की माझ्या फोनला मुंग्या लागल्या. ताई म्हणाला मला. मी त्याच्याहून लहान, जन्मभर त्याने मला ‘ए’ म्हणून हाक मारलेली.

तो आला तो वहिनी, दोन साड्या आणि एक टाइप केलेलं हक्कसोडपत्र घेऊन. हक्कसोड म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या मुलीलाही ठाऊक असतं. बहिणीने जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडायचा, भावाने साडी नेसवायची. मागितलं तर हावरट, सोडलं तर माहेर शाबूत. माझ्या आत्याने असंच बाबांना सोडलं होतं. त्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात असा गेला की विहिरीचं पाणी महिनाभर जांभळं येत होतं. साडी अजून तिच्या ट्रंकेत आहे. माहेरी मात्र तिची पथारी ओटीवरच पडायची.

या वेळी बहिणीबरोबर आईचाही हक्क सोडायचा होता. दादाचं म्हणणं, पार्टीला तीन नावांची कटकट नको, एकाच्या नावावर असलं की व्यवहार सुटसुटीत. मी काय कोणी परका आहे का, असंही त्याने विचारलं. मी माझ्या खानावळीच्या आवाजात उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई बोलली.

“मला माझ्या पाटल्या हव्यात.”

दादा हसला. मायेनेच हसला, ते मी कबूल करते. मग म्हणाला, “अगं आई, भाव आलाय आता. व्यवहार झाला की पहिल्या तुझ्या पाटल्या.”

मी दचकून दाराकडे बघितलं, बाबा परत आले की काय म्हणून. शब्द तेच, हातही तसाच पुढे केलेला, फक्त ओंजळीऐवजी पेन होतं. वहिनी साड्यांच्या घड्या नीट करत बसली होती.  कचेरीत कधी जायचं तेवढं आईने विचारलं. मी रिक्षात तिला वाटेल तसं बोलले. म्हटलं, एकदा फसलीस ती फसलीस, आता म्हातारपणी पुन्हा? रिक्षावाल्याने घाबरून हॉर्न वाजवायचं सोडलं. आई म्हणाली, “तू चल तर खरी.”

रजिस्ट्रारच्या कचेरीत हीऽ गर्दी. निम्मा जिल्हा विकायला आलेला, निम्मा विकत घ्यायला. पार्टी बाहेर गाडीत एसी लावून बसली होती. आमचा नंबर आला. टेबलामागच्या तरुण कारकुनाने आईला खुर्ची दिली, कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, “आजी, हक्क सोडताय तो स्वखुशीने ना?”

नुसतं हो म्हणायचं असतं. लोक म्हणतात आणि अंगठा टेकवतात. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“खुशी नाही,” ती म्हणाली. “पाटल्या आणायच्या आहेत अजून. त्या आल्या की खुशी येईल.”

कारकुनाने दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच शिकवून आणलं होतं. मी शिकवलं असतं तर इतकं चांगलं झालंच नसतं. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. दादा खाली वाकून आईची समजूत घालायला लागला. पार्टी निघून जाईल, पुन्हा असा भाव येणार नाही, बाहेर लोक ताटकळलेत. आईचे हात पदराखालीच. मग दादाची नजर फिरली ती वहिनीच्या मनगटांवर जाऊन थांबली. तिच्या हातात पाटल्या होत्या, तिच्या माहेरच्या.

“तुझ्या दे जरा,” तो तिला म्हणाला. “तात्पुरत्या. आईचं समाधान होईल. व्यवहार झाला की तुला नव्या करतो.”

आणि त्याने हात पुढे केला.

वहिनीशी माझं कधी जमलं नाही. साध्या सोलकढीवरून आम्ही एकदा गणपतीपासून शिमग्यापर्यंत बोललो नव्हतो. पण त्या क्षणी तिचा चेहरा मी बघितला आणि मला आमची गौर आठवली. तिने एका हाताने दुसऱ्या हातातली पाटली धरली. नवरा मागतोय, कचेरीत चारचौघं बघतायत. ती ओढायला लागली. अंगठ्याशी अडली, तिने आणखी ओढली.

आई खुर्चीतून उठली. गुडघ्यांमुळे एरवी तिला उठायला माझा हात लागतो. तिने वहिनीचं मनगट धरलं आणि अर्धवट आलेली पाटली मागे सारली.

“काढू नको गो. माझ्या अशाच गेल्या.”

 वहिनीने दोन्ही हात मागे घेतले. आईने कारकुनाला सांगितलं, बाळा, तो कॅमेरा बंद कर, आम्ही निघालो. मग दादाकडे वळली. “सडा विकायचा तर वीक. तिघांच्या नावाने वीक, तिघांना तीन वाटे येऊ देत. माझ्या वाट्याच्या पाटल्या मी माझ्या हाताने करीन. तुझी साडी नको मला.”

बाहेर येईपर्यंत पार्टी गाडीतून उतरून घड्याळ बघत होती. तीन नावं म्हटल्यावर ती पुन्हा गाडीत बसली ती थेट पुण्याला. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. माझ्यामुळे भाव हुकला असं तो नातेवाइकांत सांगत फिरतो. सांगू दे. तीन नावांनी घेणारं गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. खुद्द दादाच लहानपणापासून ऐकत आलाय ना, जमीन वाढते. मग वाढू दे आणखी थोडी, आम्ही कुठे अडवतोय?

पूल मात्र आता पार्टी शेजारच्या जमिनीत खणतेय. सुरुंग उडाला की माझ्या खानावळीतल्या वाट्या हलतात, आणि तिचा गडगा आत्ताच हातभर आमच्याकडे चालत आलाय. आईला कळलं तशी ती पहार शोधायला लागली.

यंदा गौरीला वहिनी आली. एकटीच, दादाला न विचारता. पाटल्या तिने स्वतः गौरीच्या हातात चढवल्या. बोळवायची वेळ झाली, ढोल दारात आला, तशी ती सगळ्यांच्या आधी पुढे झाली, एकेक पाटली उतरवली आणि तिथल्या तिथे आपल्या हातात सारली. आई पाटावर बसून बघत होती. तिचे हात मोकळेच होते.

गणपती निघाले. आईने मला हाक मारली. म्हणाली, “चपला दे गो माझ्या. आणि हिलाही घे बरोबर. पाटल्या बघून येऊ.”

मी चपला दिल्या. पहार मी आधीच रिक्षात ठेवली होती.