तुलनेच्या बाटलीतल्या फळमाश्या

मित्रहो, आज पिकल्या केळ्यांवर फळमाश्या दिसल्या आणि नव्वदच्या दशकातल्या आमच्या नगरच्या प्रयोगशाळेतला माश्यांच्या खाद्याचा गूळ-यीस्टचा वास आठवला.

किरणोत्सर्गाने माशीच्या अंडाशयातील कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिने घटतात का, हा माझी मैत्रीण शैला हिच्या प्रबंधाचा विषय होता. मे महिन्यात आम्ही दोन बाटल्या एसटीने किरणोपचार केंद्रात नेल्या. किरण एकीलाच द्यायचे, दुसरी तुलनेसाठी.

"माश्या हायेत व्हय? मग त्यांचं बी तिकीट काढा, ताई," कंडक्टर म्हणाले.

प्रथिने नेहमीपेक्षा घटलेली निघाली, पण दोन्ही बाटल्यांत सारखीच. म्हणजे ही घट किरणांमुळे नव्हती, बसमधल्या उकाड्यामुळे होती.

"दुसरी बाटली इथे प्रयोगशाळेतच ठेवली असती, तर घट किरणांमुळेच वाटली असती आणि प्रबंध पुरा झाला असता," मी म्हणाले.

"झाला असता, पण खोटा," असे म्हणत शैलाने नव्या माश्या वाढवायला घेतल्या.

खोट्या यशापेक्षा असे पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारे कुणी तुम्हाला भेटले आहे का?